पेवात आधी कंदील

चुना पंचकट्ट्यावरच्या पानवाल्याकडून आणला.
"एवढा कशाला, मॅडम? लग्न आहे काय कुणाचं?"
रात्रभर काचेच्या बरणीत निवळू दिला.
सकाळी आठवी 'ब' मध्ये
ती निवळी नुसतं पाणी वाटावी अशी.

"फुंका," म्हटलं.
श्रावणी चिट्याल गाल फुगवून नळीत फुंकत राहिली
आणि पाणी हळूहळू ताकासारखं झालं.
"अय्यो, दूध!" वर्ग ओरडला.
मी फळ्यावर लिहिलं:
ग्लुकोज अधिक प्राणवायू,
मग बाण,
मग कार्बन डायऑक्साइड, पाणी, ऊर्जा.
बाणाबद्दल सहसा कुणी काही विचारत नाही.
सगळं तर बाणातच घडतं.

मागच्या बाकावरून सिदराम म्हेत्रे:
"ज्वारीबी श्वास घेती काय ओ मॅडम?"
घेते. दाणा झोपलेला असला तरी
वर्षभर थोडंथोडं स्वतःलाच खात असतो,
उद्या ओल मिळालीच, कोंब फुटलाच, तर
म्हणून.
"तरीच," तो म्हणाला, आणि उभा राहिला.

मंगळवेढ्याकडं त्याच्या मामाच्या गावात
पेव उघडतात तेव्हा लगेच कुणी उतरत नाही.
तोंडावरची शिळा सरकवतात, तोंडं बाजूला फिरवून.
दिवसभर तसंच उघडं ठेवतात.
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात.
ज्योत तगली तर माणूस.
विझली तर दोर गुंडाळायचा, उद्या बघू.
"मामा म्हणतो, ज्वारीनं आतला वारा खाल्लेला असतोय.
माणसाला उरत नाही."

खडू हातातच राहिला माझ्या.
सोळा वर्षं हा धडा शिकवतेय.
बाणात उतरायला दोर
आज कुणीतरी दिला.

घरी, भद्रावती पेठेत, नायना उंबऱ्यात बसलेला.
बाहेर त्रेचाळीस, आत सदतीस:
एप्रिलात आमच्याकडं चुलीपेक्षा वारा तापतो
तरी माणूस आपली आच
दोन घासांवर जपून ठेवतो.
अडतीस वर्षं मागावर.
चादरीवरच्या मोरांना पिसारे विणताना
उडालेला कापूस छातीत साठवला.
रविवारची सुट्टी झाली की
सोमवारी हटकून छाती आवळायची,
आणि मुकादम म्हणायचा,
छातीलाबी सुट्टीची चटक लागली काय रे?
पुढं सिव्हिलमध्ये त्यालाही एक नळी दिली.
"फुंका, काका. जोरात. अजून."
काटा दीडशेपाशी थरथरला आणि परत आला.
तिथं काही दूध झालं नाही.

आता तो कडक भाकरी आमटीत चुरतोय.
घास.
थांबतो. खांदे वर जातात, खाली येतात.
घास.
शेंगाचटणी बोटानं चाटतो, पुन्हा थांबतो.
एकाच अरुंद दारात
अन्न आणि वारा
एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत उभे.

मंगळवेढ्याचीच असेल ही ज्वारी,
बाजारात कोण सांगतंय.
अंधारात बसून जिनं आपला वारा पुरवून वापरला
ती आता याच्या आत
याचा वारा मागतेय.
आणि हा देतोय,
जेवढा आहे तेवढ्यातून.

पाणी प्यायला स्टीलचा तांब्या तोंडाशी नेला,
काठाखाली बोटभर वाफ उमटली.
त्यातला एखादा थेंब तरी
नळाचा नाही, माठाचा नाही.
कालच्या भाकरीतून, बाणाच्या आतल्या बाजूला
तो तयार झालाय.
मी वाफ पुसली जाईपर्यंत बघत राहिले.
मग तो पुन्हा श्वास सोडेपर्यंत.

"काय बघायलीस?" नायना म्हणाला.
काही नाही.
दोर थोडा अजून खाली सोडला.
जेव तू.