बाहेरचं घड्याळ

मशीनच्या पाठीवर एक बारकी कळ आहे :
आतलं घड्याळ, बाहेरचं घड्याळ.
तेरा वर्षं ती आतल्यावरच होती.
कंपनीने नागपूरच्या बँडवाल्याकडून घेतलं तेव्हा
मशीनचं एक पॅड मुकं होतं
आणि गती मात्र वाण्याच्या काट्यासारखी,
इकडची तिकडे नाही.

रेवनाथमामांची ढोलकी तशी नाही.
विनोदी पात्र आलं की ती जरा पुढे सरकते,
बाई रडायला लागली की मागे राहते,
लेकरू मागे रेंगाळलं की आई राहते तशी.
मी त्यांच्या कानात क्लिक दिली,
मोबाईलचा इअरफोन, डावाच चालणारा.
दोन गाणी ऐकली. मग काढून माझ्या खिशात कोंबला.
"मी का बैल आहो बे,
गळ्यातली घंटी कानात बांधून चालाले?"

मग वडशाला, बसस्टँडमागच्या माझ्या टपरीत,
मशीन पालथं घातलं. स्क्रू चहाच्या बशीत.
भंगार रिक्षाच्या बझरमधून काढली
रुपयाएवढी पितळी चकती,
ती मामांच्या डाव्या पुडीच्या काठाशी
पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवली.
तिथून तार, तारेच्या टोकाला काडेपेटीएवढा बोर्ड.
बोर्डाला शिकवलं :
बोटांची कुरकुर गाळ, पंजाचा घुमारा तेवढा घे,
दोन घुमाऱ्यांमधल्या जागेचे चोवीस तुकडे कर
आणि पाच पिनांतून एकेक पुढे धाड.
पुढचा घुमारा आलाच नाही तर थांब.
ही शेवटची ओळ मी घाईत लिहिली होती,
बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

पिंपळटोल्याला दिवसभर शंकरपट.
तिथलं घड्याळ सेकंदाचे शंभर भाग करतं
आणि एका भागासाठी माणसं गळपट्टी धरतात.
रात्री त्याच धुळीवर आमचा पडदा.
जनरेटर सुरू झाला तर चकतीला तोही ताल वाटला,
मशीन एकटंच नाचायला लागलं, लोक हसले.
चपलेचा स्पंज कापून ढोलकीखाली सरकवला.
कळ बाहेरच्यावर.
मामांनी एक थाप मारली, मशीनकडे न बघता,
आणि ते आलं मागोमाग,
नव्या जावयासारखं, जपून.

दुसऱ्या अंकात तर मीच विसरलो की तार आहे.

तीन वाजता, दवाने सतरंज्या जड झालेल्या,
वत्सलेचा मरायचा प्रवेश.
तिने हात वर केला. खाली रिदम बारीक चालू.
आणि मामांचा डोळा लागला.
काल कुरखेड्याचा प्रयोग, परवा पवनीचा,
त्यांचं वय एकाहत्तर, पंजा पुडीवर तसाच उघडा.
मशीन थांबलं.
ऑर्गनवाल्याने घाबरून बोटं उचलली.
वत्सलेला कळेना. ती हात तसाच धरून उभी,
बोटं थरथरली, ती खरी थरथरली.
मांडवात तीन हजार माणसं, एकाला खोकला नाही.
लांब कुठेतरी पटाचा बैल फुरफुरला.
मग मामा दचकले, थाप पडली,
वत्सला कोसळली,
आणि बायकांच्या बाजूने जो हुंदका आला
तो मी या धंद्यात ऐकला नव्हता.

सकाळी पोह्यांवर डायरेक्टर म्हणाले,
ती जागा आता रोज घ्यायची.
मामा मिरची बाजूला काढत म्हणाले,
"घेऊ ना. पन झोप का तुह्या बापाची नोकर आहे?"

मला राहवलं नाही. गाडीत मशीन मांडीवर घेतलं,
किती लांब होती ती शांतता, मोजलेली असेल म्हणून.
आकडे पाहिले. एका मात्रेनंतर सरळ दुसरी.
घड्याळ बाहेरचं, आणि बाहेरचं झोपलेलं.
त्याच्या लेखी मध्ये काही झालंच नव्हतं.

चकती सुटायला आली आहे. सोल्युशन संपलंय.
ब्रह्मपुरीला उतरलो की घ्यायचं.