पेवाचं माप

रात्री दोनला विश्रामबागेत लाइट परत येते.
आधी पंखा, मग राउटर, मग मी.
स्क्रीनवर कालचीच रेघ:
उजवीकडे एकच्या पातळीवर सपाट, कंटाळलेली,
आणि अगदी डावीकडे,
जिथं दोन पायॉन जवळजवळ एकाच वेगानं निघालेले असतात,
तिथं तिनं जरा मान वर काढलीय.

त्या मानेवरून मला सांगायचंय
घर केवढं होतं.

दूरदेशीच्या बोगद्यात शिशाची दोन अणुकेंद्रं आदळली.
जे पेटलं, ते टिकलं
दशांशचिन्हानंतर बावीस शून्यं, मग तीन, एवढा सेकंद.
कुणी पाहिलं नाही.
आपल्यापर्यंत आले ते फक्त निघून आलेले.

आण्णांना हे सांगितलं तेव्हा ते मार्केट यार्डातून आलेले,
कोपरापर्यंत पिवळे.
म्हणाले, मग पेवच की हे.

हरिपूरची पेवं. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं,
आत अंधार, किती ते अंधारालाच ठाऊक.
उघडताना बाबालाल मुजावर आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर कुणी उतरायचं नाही;
सगळे लांब बसून बिड्या ओढायचे.
तोवर आण्णा वरच्या थरातली दोन हळकुंडं काढून
कानापाशी एकमेकांवर वाजवायचे.

"एकटं हळकुंड मुकं असतंय, सुनीती.
दोन घे. मग सांगतंय."

आणि ती खरं सांगतायत का, हे कळायला
एक ह्या पेवातलं, एक त्या पेवातलं,
कधी शेजारी न झोपलेली दोन, तीही वाजवायची.
मी दुसरं काय करते?
या टकरीतला एक, भलत्याच टकरीतला एक,
अशा कोट्यवधी परक्या जोड्या छेदात,
सख्ख्या अंशात.
भागाकारानंतर जे एकाहून जास्त उरतं, ते नातं.

माप मात्र उलटं निघतं.
उंचवटा रुंद, तर घर लहान.
घर मोठं, तर जवळीक सुईएवढी.
हे पटायला आण्णांना दोन कप चहा लागला.
"मोठ्या घरातली भावंडं," म्हणाले,
आणि बशी पुसत बसले.

अजून एक सांगायचं राहिलं त्यांना:
सारख्याच भाराची दोघं फार जवळ आली
की एकमेकांना ढकलतात.
तेवढं ढकलणं हिशेबातून काढून टाकावं लागतं.
सन्मतीचा फोन दिवाळीला येतो.
जामनगरला ऊन कसंय, आम्ही बोलतो.

पेवं पुराच्या साली गेली.
पाणी वरून आलं नाही, खालून आलं, म्हणतात;
हळद आतल्या आत फुगली
आणि संगमापर्यंत कृष्णा आठवडाभर
लग्नघरातल्यासारखी दिसत होती.
मी नऊ वर्षांची. सन्मती बारा.

अडीच वाजता आकडा येतो:
सहा पूर्णांक दोन फेम्टोमीटर.
ज्याच्यापुढं हळदीची धूळ म्हणजे जिल्हा.
खाली-वर त्रुटीच्या रेघा,
आणि आण्णांची म्हण: अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नको.
नाही होत.
कारण हे अख्ख्या घराचं माप नव्हेच.
एकाच दिशेला निघालेली दोघं
ज्या कोपऱ्यातून निघाली, तेवढ्या कोपऱ्याचं.
उरलेली आग दुसरीकडं तोंड करून विझली,
तिचं आपल्याला काही कळत नाही.

सन्मतीची रिफायनरीत रात्रपाळी असते.
मी लिहिते: आपलं पेव केवढं होतं रे?

लगेच उत्तर येतं. इतक्या लगेच, की मी दचकते.
"बारा हात खोल. तुला माहीत नाही?
रिकाम्यात पडली होतीस की तू."

मी नाही.
तो पडला होता.