नाइदे कुदासाइ

नीगाताच्या वसतिगृहात, भाताच्या कुकरला वही टेकवून
थिरी रोज तीच वाक्यं घोकते.
तातानाइदे कुदासाइ: कृपया उठू नका.
नुकानाइदे कुदासाइ: कृपया नळी उपसू नका.
कुवाबाराबाई सांगतात, नकार आधी येऊ दे,
पण त्यावर थांबू नकोस,
शेवटी वाकायला जागा ठेव.

ती वाकते. कुकरपुढे.

रात्रपाळीला सात नंबरच्या खोलीत इनोमाताआजोबा
पुन्हा कठड्यावरून एक पाय बाहेर टाकून बसलेले.
बाहेर बर्फ, आणि त्यांना होडी बघून यायची आहे,
कधीची विकून टाकलेली.
"तातानाइदे..." ती सुरू करते
आणि पुढचं ऐन वेळी आठवत नाही.
तरी ते पाय आत घेतात.

चादर सारखी करून ती दाराशी पोचते, तोच
मागून, अगदी बारीक,
"इकानाइदे."
जाऊ नकोस. नुसतं एवढंच.

कुदासाइ कुठे राहिलं, असं विचारता आलं असतं,
भुवई उंचावून, बाईंसारखं.
ती खुर्ची ओढून बसते.

नऊ नंबरची घंटा वाजते आहे.