अंशतः समतुल्य

पत्र आलं. दोन पानं, एक शिक्का.
ऑलिंडा बाईंनी आल्तिनोच्या वर्गात
तो लांबलचक शब्द फळ्यावर फोडून दाखवला,
फणस फोडावा तसा, हाताला तेल लावून:
अंशतः समतुल्य.
म्हणजे फार्मागुडीच्या आयटीआयची दोन वर्षं,
कुंडईच्या कारखान्यात लेथवर सहा,
एवढं सगळं त्यांनी तराजूत घातलं
आणि पारडं थोडं वरच राहिलं.
उणं काय तेही लिहिलंय:
मापनशास्त्र, तीन महिने.
केमनित्सला येऊन पुरं करा.
तोवर पगार मदतनिसाचा.

शेजारच्या बाप्तिस्तला असलं काही लागलं नाही.
त्याच्या आजाचा जन्म लिस्बनच्या वहीत सापडला
आणि तो गेला स्विंडनला, बिस्किटांच्या गोदामात.
आमच्या आजोबांचं पान वाळवीनं खाल्लं.
बरंच झालं, बाबा म्हणाले,
कागदावर जाण्यापेक्षा हातावर जा.

भाषा तेवढी जड गेली नाही.
तीन लिंगं आपल्याकडेही आहेत,
फक्त वाटप वेगळं. त्यांचा सूर्य बाई,
त्यांचं टेबल पुरुष,
मुलगी मात्र नपुंसक.
वर्ग हसला. मी नाही.
आमच्या सावईत अजून कुणीतरी दारातून विचारतं,
'तें कामार गेलां?'
तें म्हणजे मी.
सत्तावीस वर्षांची, मायक्रॉनमध्ये काम करणारी.

त्या रात्री व्हर्नियर घेऊन भट्टीशी गेले.
चवथीच्या बाजारासाठी केलेल्या आदोळ्या
भिंतीला टेकून उभ्या होत्या.
बाबा अंगठ्यानं मापतात, उरलेलं डोळ्यानं.
मला सिद्ध करायचं होतं, कुणापुढे ते ठाऊक नाही,
की न मोजताही दात सारखे येतात.
एकेक दात जबड्यात धरला.
दोन पॉइंट एक. दोन पॉइंट सहा. एक पॉइंट नऊ.
एकोणीस दात,
एकही दुसऱ्यासारखा नाही.

मग नारळ फोडला, तिथंच बसून खोवला.
चव पडला मऊ, पांढरा, सगळा सारखा.
थोडा खाल्ला.
वर येऊन पत्राला उत्तर लिहिलं:
तीन महिने मान्य.

बॅग तेवीस किलोची. आईनं सोलं भरली,
मी काढली, तिनं परत भरली.
बाबांनी एका आदोळीचं पातं पाटापासून सुटं केलं,
वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर जुन्या साडीची चिंधी.
'पाट तिथं कर. लाकूड सगळीकडे असतं.'
'फणसाचं नसेल.'
'मग असेल त्याचं.'

आदल्या सांजेला धडा मोठ्यानं म्हणत होते:
माझं नाव सुलक्षा चारी. मी व्यवसायानं...
बाबांनी भाता थांबवला.
'लोहाराला काय म्हणतात गो तिकडे?'
श्मीट, मी म्हटलं. आडनावही असतं.
माझ्या पुस्तकात पानोपानी श्मीट आहेत,
एक पाववाला, एक डॉक्टर, एक खडूस शेजारीण.

'म्हणजे चारी आहेतच,' ते म्हणाले.
निखारे पुढे ओढले. आणि बऱ्याच वेळानं,
माझ्याकडे न बघता,
'डॉक्टर झाला तरी आडनाव ठेवलं म्हणायचं.'