पाच दाबा

सोयाबीनची गंजी वावरात, वरून ताडपत्री,
अन् पांदन अशी का
बैल उतरला तं पोटापर्यंत.
ट्रॅक्टरचं मांगचं चाक जागच्या जागी फिरे
अन् सारा गारा उईकेच्या तोंडावर.
संकेत म्हने, बाबा,
चाकाले बांधाच्या साखळ्या मोबाईलवर भेटतात.
म्हटलं, बलाव.

अकराव्या दिवशी खोकं आलं.
आनणाऱ्यानं आधी फोन करून लँडमार्क इचारला.
डोंगरे गुरुजीच्या दारातला लिंब, म्हटलं.
लिंब पडून दोन सालं झाले,
पन आमचं समदं गाव अजून
त्याच लिंबापासून मोजते.

खोकं हलकं लागलं तवाच समजाले पायजे होतं.
आत एक साखळी. जोडीतली एक,
अन् थेही कारची.
खोक्यावर पांढरा डोंगर, लाल गाडी,
कानटोपी घालून हासनारा मानूस.
बेबी म्हने, अवो, हे बर्फातली हाये.
आमच्या दारव्ह्यात बर्फ
गोळेवाल्याच्या बोऱ्याखाली, बाकी कुठी नाही.
तरी चाकाले लावून पाह्यली:
म्हशीच्या गळ्यात बाहुलीची माळ.

फोन लावला.
हिंदीसाठी दोन, मराठीसाठी सात.
सात दाबला तं हिंदीच लागली.
मंग बासरी.
फोन खुटीले टांगून म्हैस दोहली,
डेअरीवर जाऊन दूध घातलं,
फॅट लागली साडेसहा,
वापस आलो तं बासरी सुरूच.

पहिला म्हने, फोटो पाठवा.
दुसरा म्हने, चाकावर बसवल्याचा फोटो पाठवा.
बसत नाही हेच तं सांगून रायलो, म्हटलं.
तो म्हने, सर, बसवल्याशिवाय
बसत नाही हे कसं ठरवणार?
तिसरा म्हने, तुमच्या पिनकोडवर
माल परत नेण्याची सोय नाही.
मंग आनून देनारा कोन्या रस्त्यानं आलता?
सर, मी तुमची अडचण समजू शकतो.
समजून रायला होता तो,
अर्धा घंटा नुसता समजून रायला.

चौथी एक पोरगी.
आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत,
तिनं एका दमात म्हटलं,
तेवढ्यात पांदनीतून उईके वरडला,
"अबे, मांगं घे मांगं, फसते!"
अन् पोरगी थांबली.
कोनतं गाव, काका?
बोरी. लाडखेडजवळ.
बारीक आवाजात म्हने,
माही मावशी दिग्रसले हाये.
पानी उघडलं का तिकडचं?
कुठचं उघडते, माय,
गंजीले कोंब येऊन रायले.
मंग दोघंही चूप.
तिच्या मांगं शंभरक लोकं दिलगीर होत होते,
आयकू येत होतं.
काका, माह्या हाती काही नाही हो.
समोर लिहून येते थे वाचतो.
आता एक मेसेज येईन,
जमलं तं पाच दाबजा.
आमची गिनती त्याच्यावरच होते.

पाच दाबला.
साखळीसाठी नाही दाबला.

मिनिट नाही झाला तं दुसरा मेसेज:
आपण समाधानी आहात याचा आम्हाला आनंद आहे.
आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.

तिसऱ्या दिवशी उईकेनं
घरामांगच्या साऱ्या तुराट्या आनून पांदनीत टाकल्या,
चाक कुरकुरलं, चढलं, निंघालं.
खालच्या थराचं सोयाबीन काळं पडलं होतं,
वरचं इकलं.
साखळी आता गोठ्याच्या फाटकाले हाये.
वासरू चाटत रायते.

पन मोबाईल काही सोडत नाही.
रोज इचारते:
ही साखळी घेणाऱ्यांनी हेही घेतलं.
बर्फ खरडायचं फावडं. कानटोपी. जाड हातमोजे.
बेबीनं हातमोज्यावर बोट ठेवलं,
म्हने, सोयाबीन सवंगाले कामी येतीन,
शेंगा लय टोचतात.
संकेत पोट धरून हासला.
मी नाही हासलो,
मी किंमत पाह्यली.