घसारा

संध्याकाळच्या वर्गात अठरा जण.
केटा गावात वीज असली तर फळा दिसतो,
नाहीतर फोनच्या उजेडात मी खतावणी शिकवतो.
पंख्याला घसारा, होडीच्या इंजिनाला घसारा,
मासे धुरवायच्या भट्टीलासुद्धा.
दर साली इतके टक्के, शेवटी भंगाराची किंमत.
मग ते वाक्य, तेवीस वर्षं जसंच्या तसं:
जमिनीला घसारा नसतो. जमीन झिजत नाही.

मागच्या बाकावरून एन्योनाम झोकोतो म्हणाली,
"कुठली जमीन, सर?"
कुणी हसलं नाही.

गृहपाठ होता, ओळखीच्या धंद्याचा ताळेबंद.
तिनं मावशीच्या कांद्याच्या वाफ्यांचा केला.
इकडे समुद्र, तिकडे खारं तळं,
मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वाफे पाच. पूर्वी सात.
खर्च: माशांचा चुरा, वटवाघळांची विष्ठा,
डोक्यावरून आणलेलं पाणी
(मजुरी धरलेली नाही, आणणारी तीच).
मालमत्ता: जमीन.
उपयुक्त आयुष्य: चौदा वर्षं.

आकडा कुठून काढलास?
"मावशीनं माड मोजले.
दोन वर्षांला एक जातो. सात उरलेत."
भंगाराच्या किमतीपुढे नुसती रेघ.

आदर्श उत्तरं आक्राहून छापून येतात.
समुद्र आक्रालाही आहे,
पण तिथे त्याला दृश्य म्हणतात
आणि खोलीच्या भाड्यात धरतात.
त्या उत्तरांत माड बसत नाहीत.
चूक म्हणावं, तर मोजून आणलेला आकडा.
बरोबर म्हणावं, तर हेच ती परीक्षेत लिहील
आणि बँकेतली नोकरी हुकेल.

लाल पेन उघडंच राहिलं.
मग तळाची टीप दिसली, बारीक अक्षरात.
गेलेले दोन वाफे मी समुद्राच्या खाती धरले होते.
ते विकले होते. माझ्या वर्गाच्या फीसाठी.
फी तिनं खर्चात दाखवली नव्हती,
गुंतवणुकीत दाखवली होती.

अर्धा गुण दिला.
उरलेला अर्धा माझ्या नावे टाकला,
हजेरीवहीच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं.

सकाळी कोमला वर्ग झाडतो,
रात्रीतून आत आलेली वाळू पायरीखाली लोटतो,
रोज डबाभर.
आज म्हटलं, लोटू नकोस, टेबलावर ठेव,
संध्याकाळी तिची नोंद करायची आहे.
"कुठल्या बाजूला?" त्यानं विचारलं.
तो माझ्या वर्गात कधी बसलेला नाही.