आठवा तुकडा

फिनलंडच्या किनाऱ्यावर, राउमा बंदरात,
समुद्र मोजायच्या खोलीत
तुइया रात्री आठला हीटर लावते
आणि डिस्कला विचारते, ही फाइल किती ठिकाणी आहे?
उत्तर येतं: एकसष्ट हजार चारशे आठ.

हरवलेलं काहीच नाही.
दर मिनिटाला एक आकडा, पाण्याची उंची,
सतरा वर्षं
मिळेल त्या फटीत अंग चोरून बसलेला;
शेजारी कॅमेऱ्याची चित्रं ऐसपैस.
लिनक्सवर असं होत नाही, कॉलेजात सांगितलं होतं.
होतं.
डिस्क शहाण्णव टक्के भरली
की शहाण्यालाही अंथरूण शोधत फिरावं लागतं.
वाचणारी सुई या टोकाला जाते, त्या टोकाला जाते,
तिची करकर ऐकत कॉफी निवते.

जोडायचं तर आधी सलग मोकळी जागा हवी.
ठोकळे सरकवायच्या खेळातसुद्धा
एक घर रिकामं लागतं.
इथे उठवायचं कुणाला?
सगळ्यात मोठं बिऱ्हाड ओस्मोचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
फोल्डरात रोजच्या सकाळचा एकेक फोटो:
हीच खिडकी, हाच धक्का,
बर्फ आहे, बर्फ नाही.
ती फोन करते. ‘पुसून टाक,’ तो म्हणतो.
मग बराच वेळ काही नाही.
‘अकरा सालचा फेब्रुवारी तेवढा राहू दे.’

ती पुसत नाही. सगळं बिऱ्हाड
बाहेरच्या डिस्कवर हलवते, मध्यरात्र उलटते,
मग आज्ञा देते, आणि आकडे उठून
एकमेकांशेजारी येऊ लागतात.
उणे चार सेंटिमीटर उणे चारच राहतं.
बदलतो फक्त शेजार.

पहाटे पुन्हा विचारते. सात.
एक का नाही, हे ती विचारत नाही.
फाइल वरपासून खालपर्यंत सरसर वाचते,
आणि अकराच्या फेब्रुवारीत अडखळते:
तीन दिवस कोरे.
मापक गोठला होता.
ते कुठल्या फटीत गेले नव्हते,
लिहिलेच गेले नव्हते.

ओस्मोच्या त्या तीन सकाळी उघडते.
तेवढ्याच दिवशी कॅमेरा खिडकी सोडून बाहेर गेलेला:
बर्फात पाडलेलं भोक, भोकात उभी काठी,
काठीवर पेन्सिलीची रेघ. दुसऱ्या दिवशी
थोडी वर. तिसऱ्या दिवशी हातमोजाही फोटोत.

तीन आकडे. मोठ्या फाइलीत ती ते घुसडत नाही.
वेगळी फाइल उघडते, त्याचं नाव देते,
जपून ठेवते,
आणि बोटांवर मोजते:
आठवा.